दहा वेळा तोच फोटो

(आरसा वर जातानाचा स्लो मोशन शॉट)

कॅमेऱ्याचा हा खटॅक आवाज तुम्ही हजारदा ऐकला असेल, पण आत काय होतं ते इतक्या सावकाश कधी बघितलं नसेल. मोठा आरसा वर गेला आणि त्याच्या पाठीमागून अजून एक छोटा आरसा दुमडत गेला, दिसला का? थांबा, परत लावतो. हाच तो. बिचाऱ्याचं नाव कोणी घेत नाही, पण डीएसएलआरचा, म्हणजे आरसावाल्या कॅमेऱ्याचा, आरसा खाली असतानाचा सगळा ऑटोफोकस याच्या भरवशावर चालतो.

मोठा आरसा मधल्या भागात अर्धपारदर्शक असतो, थोडा प्रकाश आरपार जातो, तो हा छोटा आरसा खाली वळवतो, आणि तळाला बसलेला असतो फोकसचा सेन्सर. म्हणजे फोटो काढणारा सेन्सर मागे आणि फोकस ठरवणारा खाली, दोघं वेगळे! लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाची इथे दोन चित्रं पडतात, ती एकमेकांपासून किती सरकलीत त्यावरून कॅमेऱ्याला कळतं की लेन्स कुठल्या बाजूला आणि साधारण किती फिरवायची. पुढेमागे चाचपडत बसायची गरज नाही, म्हणून तर एवढा फास्ट. १९८५ च्या मिनोल्टा ७००० मध्येसुद्धा हीच आयडिया होती.

गोची एकच. लेन्सपासून खालच्या सेन्सरपर्यंतचं अंतर आणि मागच्या सेन्सरपर्यंतचं अंतर सेम टु सेम पाहिजे. छोटा आरसा केसभर जरी इकडचा तिकडे झाला तरी खालचा सेन्सर 'फोकस झाला' म्हणून बीप करून मोकळा, आणि फोटोत डोळा सोडून कान शार्प. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ८५ एमएमची लेन्स, अपर्चर म्हणजे लेन्सचं भोक एफ १.४ इतकं मोठं उघडं, विषय एक मीटरवर, तर शार्प पट्टा जेमतेम सेंटिमीटरभर असतो हो, त्यात चूक लपणार कुठे.

(तिरकी पट्टी, ट्रायपॉडवर कॅमेरा)

आता टेस्ट. ५० एमएम लेन्स, अडीच मीटरवर टार्गेट, शेजारी तिरकी पट्टी, मधला फोकस पॉइंट, अपर्चर पूर्ण उघडं. आणि हा हात बघा, प्रत्येक फोटोआधी रिंग फिरवून फोकस मुद्दाम बिघडवतोय, एकदा इन्फिनिटीकडे म्हणजे पार लांब, एकदा जवळ. हे केलं नाही तर लेन्स जागची हलतच नाही आणि तुम्हाला वाटतं वा काय पक्का फोकस आहे.

पहिली लेन्स. दहाच्या दहा फोटोंत शार्प भाग पट्टीवरच्या शून्याच्या मागे, पण दरवेळी त्याच जागी. मला ही लेन्स आवडते! खोटं बोलते पण एकच खोटं बोलते. कॅमेऱ्याच्या मेनूत मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट, म्हणजे फोकस किंचित पुढेमागे सरकवायची सोय, काही बॉडीत त्यालाच फाइन ट्यून म्हणतात, उणे २० ते अधिक २०, फोकस मागे पडतोय म्हणून आपण उणेकडे जायचं, दोन दोन स्टेप करत, प्रत्येक वेळी परत दहा फोटो, हो कंटाळा येतो, मलाही आला.

दुसरी लेन्स. पहिला फोटो मस्त, दुसरा पुढे, तिसरा मागे, चौथा परत मस्त. हिला काय आकडा देणार? उणे दिला तर पुढे पडणारे अजून पुढे पडणार. एकच फोटो बघून आकडा बदलणारे इथेच फसतात, आणि मग महिनाभराचं काम किंचित मऊ, म्हणजे धूसर येतं.

तोच सेटअप पिवळ्या बल्बखाली. पट्टीवरची जागा थोडी सरकली, कारण फोकसचा सेन्सर लालच्या पलीकडचाही प्रकाश बघतो. म्हणून आकडा ठरवताना लाइट तोच ठेवा ज्यात तुम्ही खरंच शूट करता.

आता लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून फोटो. आरसा वर, फोकस थेट मेन सेन्सरवरून. कॅमेरा रमतगमत शोधतो, पण बघा, दुसऱ्या लेन्सचेही सगळे फोटो एका रेषेत आले. म्हणजे काच बरी आहे, लोचा फोकसच्या वाटेत आहे.

(दहा पोर्ट्रेट, एकामागोमाग)

हे दुसऱ्या लेन्सचेच, आरसा परत खाली. डोळ्यांवर लक्ष ठेवा, मी गप्प बसतो.