आतल्या पानावरची बारीक ओळ

(दृश्य: शाळेतलं लोखंडी कपाट. काचेमागे जाडजूड खंड. कुलूप.)

कोश बऱ्याच शाळांत असतात. कपाटात असतात. खंड हरवला तर भरून कोण देणार, म्हणून कुलूप.

(दृश्य: ज्ञानकोशाची जुनी पानं.)

श्रीधर व्यंकटेश केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी ज्ञानकोशाचा घाट घातला, तेव्हाही अडलं पैशापाशीच. गड्याने चक्क लिमिटेड कंपनी काढली, तिचे शेअर विकले आणि २३ खंड छापून दाखवले. १९३७ साली केतकर गेले. आपल्याकडे लेखकामागे ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. आज ते खंड इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. त्यातलं विज्ञान शिळं झालंय, अणूची माहिती तिथून घेऊ नये. पण जुन्या गावांच्या, तालुक्यांच्या नोंदी अजून वाचनीय आहेत.

(दृश्य: बालभारतीच्या पुस्तकाचं आतलं पान.)

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. मोठीच सोय. मात्र आतल्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: सर्व हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे, लेखी परवानगीशिवाय काही उद्धृत करायचं नाही. म्हणजे मोफत, पण मुक्त नाही.

२००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची रीत उलटी. छापा, बदला, हवं तर विका. श्रेय द्या आणि पुढच्यालाही तेवढीच मोकळीक ठेवा, एवढीच अट. मेळघाटातल्या गुरुजींना एखादा लेख तिथल्या कोरकू भाषेत करून वाटायचा असेल, तर कुणाला अर्ज करायला नको.

(दृश्य: संगणक खोली. मोबाइलवर रेंज शून्य.)

रेंज नसली तरी अडत नाही. किविक्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यासाठी अख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलीत मिळतो. तालुक्याला उतरवून घ्यायचा, पेनड्राइव्हवर शाळेत आणायचा. एका संगणकावर ठेवला की खोलीतले बाकीचे शाळेच्याच वायफायवर तो वाचतात.

आणि मग पोरं पहिल्यांदा काय शोधतात? आपलं गाव. बऱ्याचदा दोन ओळी निघतात: तालुका अमुक, जिल्हा तमुक. ओढ्याचं नाव नाही, जत्रेची तिथी नाही.

भर घालायची मुभा सगळ्यांना आहे. वहीत लिहून काढायचं, रेंज मिळेल तिथे जाऊन चढवायचं. फक्त ‘आजोबांनी सांगितलं’ हा संदर्भ तिथे चालत नाही. कुठेतरी प्रसिद्ध झालेला, भरवशाचा पुरावा लागतो, पुस्तकातला असो वा इंटरनेटवरचा.

(दृश्य: पुन्हा तेच कपाट. एक मुलगी काचेला नाक लावून खंडांची नावं वाचते आहे.)

“गुरुजी, किल्ली कुणाकडे आहे?”