हांगा चूल आशिल्ली

(दृश्य: भेगाळलेली जमीन, लांबवर पाण्याची रेघ. फक्त पावलांचा आवाज.)

मे महिना. गोव्यात सांगे तालुक्यातल्या साळावली धरणाचं पाणी ओसरलं की कुर्डी गाव वर येतं. वर्षातले अकराएक महिने ते पाण्याखाली असतं. वर येतं म्हणजे काय, तर जोती, गुडघाभर भिंती आणि झाडांचे वठलेले बुंधे. छप्पर एकाही घरावर नाही.

गाड्या थांबतात, गावची जुनी माणसं उतरतात, छत्र्या उघडतात. कुणी कुणाला वाट विचारत नाही. आम्हाला सगळा सपाट चिखल दिसतो. यांना पाणंद दिसते.

(दृश्य: हातात चपला घेतलेली म्हातारी.)

या आजींनी जोत्यापाशी येताच पायातल्या चपला काढल्या. चारी बाजू उघड्या, कुठूनही आत जावं. त्या मात्र वळसा घालून उंबऱ्याच्या जागेवरूनच गेल्या. मागच्या कोपऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "हांगा चूल आशिल्ली." इथे चूल होती. मग बाहेर उभ्या असलेल्या सुनेला हातानंच खुणावलं, सरक बाजूला. सून तुळशीच्या जागेवर उभी होती.

1980च्या दशकात हा गाव उठला. त्याआधी मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः इथे येऊन सांगून गेले होते, या पाण्यानं सगळ्या दक्षिण गोव्याचं भलं होईल. तीनेक हजार माणसं वालकिणी, वाडे इथल्या नव्या वस्त्यांवर गेली. कदंबकालीन महादेवाचं देऊळ दगड न् दगड उतरवून धरणाजवळ नेलं आणि जसंच्या तसं पुन्हा उभं केलं. देवाची सोय झाली. चुलीचा कोपरा असा उचलून नेता येत नाही.

नाव तेवढं नेता येतं. 1904 साली या गावात एक मुलगी जन्मली आणि पुढे मुंबईत जयपूर-अत्रौली घराण्याची थोर गायिका झाली. मोगूबाई कुर्डीकर. गाव बुडाला तेव्हा त्या हयात होत्या. ज्या गावाचं आडनाव लावायचं तो गाव नकाशावर नाही, हे कसं वाटत असेल?

मी मडगावचा. आमच्या नळाला साळावलीचं पाणी येतं. लहानपणी नळ सोडताना कुर्डी कधी आठवली नाही, खरं सांगायचं तर नावही ठाऊक नव्हतं.

(दृश्य: सोमेश्वराचं छोटं देऊळ, माणसांची गर्दी.)

मे महिन्यात सोमेश्वराचा उत्सव होतो. ख्रिस्ती कुटुंबं आपल्या कपेलाच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या, फेस्ताला (सणाला) येतात. जेवणं होतात, जुने शेजारी पुन्हा जुन्याच अंतरावर बसतात. पोरं कंटाळून मोबाइलला रेंज शोधत हिंडतात. त्यांचं घर वालकिणीला आहे, आणि त्यात चूक काहीच नाही.

आजींचं चित्रीकरण करायला आमचा कॅमेरामन जवळचा रस्ता म्हणून पडकी भिंत ओलांडायला निघाला. भिंत कसली, वीतभर चिरे. आजींनी तिथूनच हटकलं.

"दार थंय आसा."

तो मागे फिरला, वळसा घालून आला. चपला काढून.