विंगेतला माणूस : पीटर राडुन्स्की

१९ नोव्हेंबर १९७२. पश्चिम जर्मनीत मतदान झालं आणि थोडंथोडकं नाही, ९१ टक्के लोकांनी मत टाकलं. चॅन्सेलर (म्हणजे तिथला सरकारप्रमुख) विली ब्रँटच्या सोशल डेमोक्रॅट्सना, म्हणजे एसपीडीला ४५.८ टक्के मिळाले. समोर सीडीयू, म्हणजे उजवीकडे झुकणारे ख्रिश्चन डेमोक्रॅट्स, आणि तिचा बव्हेरियातला जोडीदार सीएसयू, त्यांना ४४.९. फरक टक्क्याचा पण नाही, पण त्या महिन्यांत रस्त्यावर बघितलं असतं तर वाटलं असतं की ब्रँटशिवाय दुसरं कोणी उभंच नाहीये. लोक कोटावर "विली वेलेन", म्हणजे विलीला मत द्या, असे बिल्ले लावून फिरत होते, आणि सीडीयूचा मतदार मात्र घरात गप्प बसलेला.

ही गप्प बसण्याची गोष्ट लक्षात ठेवा, कारण आपल्या माणसाचं सगळं करिअर या एका प्रश्नाभोवती फिरतं.

पीटर राडुन्स्की. जन्म १९३९, बर्लिन. सत्तरच्या दशकात तो पश्चिम जर्मनीच्या राजधानीत, बॉनमध्ये, सीडीयूच्या मुख्यालयात प्रचाराचं काम बघायला लागला. पक्ष नुकताच हरलेला, १९७३ मध्ये हेल्मुट कोल अध्यक्ष झालेला, आणि वर्षानुवर्षं सत्तेत राहिलेल्या या पक्षाला विरोधात बसून लोकांशी बोलायचं कसं हेच माहीत नव्हतं.

त्याच काळात एलिझाबेथ नोएल-नॉयमान नावाच्या बाई लोकांना एक भन्नाट प्रश्न विचारत होत्या. कॉन्स्टान्स सरोवराच्या काठी आलेन्सबाख नावाचं गाव आहे, तिथे १९४७ पासून त्यांची जनमत चाचण्यांची संस्था. प्रश्न असा, की समजा तुम्हाला पाच तासांचा रेल्वे प्रवास आहे आणि डब्यातला माणूस एखाद्या नेत्याबद्दल बोलायला लागला, तर तुम्ही गप्पांत पडाल की खिडकीबाहेर बघत बसाल? ब्रँटचे चाहते तोंड उघडायला जास्त तयार होते. मग बाईंनी मांडलं की आपण एकटे पडतोय असं ज्याला वाटतं तो गप्प होतो, तो गप्प झाला की त्याची बाजू अजून छोटी दिसते, मग अजून चार जण गप्प होतात. याला त्यांनी नाव दिलं मौनाची सर्पिल.

मला विचाराल तर १९७६ ची निवडणूक म्हणजे या सर्पिलीवरचा उतारा होता. सीडीयूने आपल्या कार्यकर्त्यांना सांगितलं की बिल्ला लावा, गाडीवर स्टिकर चिकटवा, बोला. एका पोस्टरवर हातात लाल बॉक्सिंग ग्लोव्हज घातलेली तरुण मुलगी, आणि मजकूर काय, तर तुझ्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर ये! आधीच्या सीडीयूने असलं काही छापलं असतं असं मला तरी वाटत नाही.

पण त्याच प्रचाराची मुख्य घोषणा होती "समाजवादाऐवजी स्वातंत्र्य", आणि ती मला आजही खटकते. समोर एसपीडीचा चॅन्सेलर हेल्मुट श्मिट होता, पूर्व जर्मनीतला कोणी हुकूमशहा नव्हता, आणि भिंतीने कापलेल्या देशात असं बोलणं म्हणजे अर्ध्या शेजाऱ्यांना दुसऱ्या बाजूचे ठरवण्यासारखं होतं. चालली मात्र जोरात. ४८.६ टक्के मतं मिळाली, तरीही कोल चॅन्सेलर झाला नाही कारण एफडीपी, म्हणजे उदारमतवाद्यांचा छोटा पक्ष, श्मिटकडेच राहिली.

दरम्यान राडुन्स्की अमेरिकेतल्या निवडणुकांचा बारकाईने अभ्यास करत होता, आणि १९८० मध्ये त्याने पुस्तक काढलं, "वाहलकॅम्फं", म्हणजे निवडणूक प्रचार. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण चालू धंद्यातला माणूस आपली सगळी पद्धत छापून मोकळा झाला, विरोधकांनी पण वाचावी अशी. त्याचं म्हणणं, प्रचाराचे तीन भाग एकत्र चालले पाहिजेत : नेत्यांचं राजकारण, पैसे देऊन केलेली जाहिरात, आणि कार्यकर्त्यांना हलवणं. आणि सगळ्याच्या मध्ये टीव्ही. तेव्हा जर्मनीत खाजगी चॅनल नव्हतीच, एआरडी आणि झेडडीएफ हे दोन मोठे सरकारी नाही पण सार्वजनिक चॅनल, पक्षांना तिथे प्रचारासाठी ठराविक वेळ फुकट मिळायचा, पण खरी ताकद संध्याकाळच्या बातम्यांत. जाहिरात आली की माणूस सावध होतो, बातमी तो सरळ ऐकतो. म्हणून सभा कुठे घ्यायची, किती वाजता, नेत्याच्या मागे काय दिसेल, हे सगळं कॅमेऱ्याच्या हिशोबाने ठरवायचं. आज हे कोणालाही माहीत असतं, पण १९८० मध्ये हे असं उघड लिहायला धाडस लागत होतं.

१९८१ ते १९९१ तो पक्षाचा बुंडेसगेशेफ्ट्सफ्युअरर, म्हणजे मुख्यालय चालवणारा माणूस. १९८२ मध्ये एफडीपीने बाजू बदलली, कोल चॅन्सेलर झाला, मग मार्च १९८३ मध्ये ४८.८ टक्के. पुढे १९८७, आणि २ डिसेंबर १९९० ला एकत्र जर्मनीची पहिली निवडणूक, ती पण जिंकली.

मग जन्मगावी परत. १९९१ ते १९९९ तो बर्लिनच्या सरकारात सिनेटर, म्हणजे आपल्याकडचा राज्याचा मंत्री म्हणा. १९९६ पासून विज्ञान आणि संस्कृती खातं, आणि तिथे एक असं काम समोर आलं जिथे घोषणा उपयोगाची नव्हती. युरोपातल्या हत्या झालेल्या ज्यूंचं स्मारक, बर्लिनच्या मध्यभागी. आधीच्या स्पर्धेत निवडलेला आराखडा कोलने नाकारलेला, वाद पेटलेला, आणि १९९७ च्या सुरुवातीला राडुन्स्कीच्या खात्याने त्यावर चर्चासत्रं ठेवली, जागा हीच का, स्मारक मुळात हवं का, इथपासून. भांडणं झाली, लोक चिडले, पण बोलले. पीटर आयझेनमनचे २७११ काँक्रीटचे ठोकळे २००५ मध्ये खुले झाले, तोपर्यंत राडुन्स्की पद सोडून सल्लागार झालेला होता.

२०१४ मध्ये त्याने आठवणी लिहिल्या. नावात शब्द आहे "कुलिसं". मराठीत आपण त्याला विंग म्हणतो.