हडसन का बुडाली?

मंडळी, बंद पडलेल्या अमेरिकन मोटार कंपन्यांचा विषय निघाला की आपल्याकडे पहिलं नाव येतं ड्यूसेनबर्गचं. साहजिकच आहे. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकात ड्यूसेनबर्गची एसजे मागवली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतली. गाडी देखणी आहेच, पण राजेरजवाड्यांच्या गाड्यांची आठवण ठेवणारे नेहमीच भेटतात. मला बोलायचंय ते हडसनबद्दल.

ही कंपनी १९०९ साली डेट्रॉइटमध्ये निघाली. पैसा तिथल्या बड्या दुकानाचे मालक जोसेफ हडसन यांचा, कारभार रॉय चेपिन यांचा. मधली वर्षं मी सोडून देतो आणि थेट १९४८च्या मॉडेलवर येतो, कारण खरी करामत तिथे आहे. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत खाली चासी, म्हणजे गाडीचा पोलादी सांगाडा, आणि तिच्यावर तळ, अशी रचना असे. हडसनच्या लोकांनी तळ चासीच्या दोन पट्ट्यांच्या मधे खाली उतरवला. दार उघडलं की उंबरठ्यावरून पायरी उतरल्यासारखं आत जायचं. त्यामुळे छत खाली आलं, गाडीचा सगळा भार जमिनीलगत आला, आणि वळणावर ती रस्ता सोडेना.

याच बॉडीवर १९५१ साली हॉर्नेट आली. इंजिन सहा सिलिंडरचं, पाच लिटरचं, आणि व्हॉल्व्ह बाजूला असलेलं, म्हणजे जुन्याच घडणीचं. ओल्ड्समोबिल आणि क्रायस्लरकडे तेव्हा नवी व्ही-८ इंजिनं होती. कागदावर हॉर्नेट मागेच पडायला हवी होती. पण १९५२च्या नासकार या अमेरिकन मोटार शर्यतींच्या मालिकेतल्या ३४ शर्यतींपैकी २७ हडसनने जिंकल्या! १९५१ आणि १९५३चं अजिंक्यपद हर्ब थॉमसला, मधल्या वर्षीचं टिम फ्लॉकला. तिन्ही वेळा विजेत्याने हडसन चालवली होती.

मग कंपनी गेली कशी? ज्या बॉडीने शर्यती जिंकून दिल्या, तिनेच हात बांधले. चासी आणि बॉडी एकजीव असल्यामुळे रूप बदलायचं तर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, नव्याने करायच्या, आणि त्यांचा खर्च अफाट. जनरल मोटर्सचा तोच खर्च लाखो गाड्यांवर वाटला जाई. हडसनकडे तेवढा खपच नव्हता. होता तो पैसा १९५३च्या छोट्या ‘जेट’मध्ये गेला, आणि ती निघाली फोर्ड-शेव्हरोलेच्या साध्या पण मोठ्या गाड्यांपेक्षाही महाग. त्यातच फोर्ड आणि शेव्हरोले यांनी एकमेकांवर कुरघोडी करण्यासाठी बाजार गाड्यांनी भरून टाकला. त्यात छोट्या कंपन्या चिरडल्या गेल्या. काही जण दोष अभियंत्यांना देतात. मला ते मुळीच पटत नाही. त्यांनी उत्तम गाडी केली होती.

मे १९५४मध्ये हडसन नॅश या दुसऱ्या मोटार कंपनीत विलीन होऊन अमेरिकन मोटर्स झाली. त्याच ऑक्टोबरात डेट्रॉइटचं उत्पादन थांबलं आणि काम विस्कॉन्सिनमधल्या केनोशाला गेलं. पुढे नॅशच्याच बॉडीवर हडसनचं नाव लागत राहिलं, १९५७पर्यंत. त्या गाड्यांना मी हडसन मानत नाही.

तुमच्यापैकी कुणाची मुलं-नातवंडं मिशिगनमध्ये असतील, तर डेट्रॉइटजवळच्या इप्सिलँटीला जरूर जाऊन या. हडसनच्या एका जुन्या विक्रेत्याच्या जागेतच तिथे मोटारींचं संग्रहालय आहे, आणि हर्ब थॉमसची हॉर्नेट तिथे उभी आहे. बघताना नुसता रंग बघू नका. वाकून तळ कुठे आहे ते बघा.