मोह : वेचून घ्यायचे फूल

(ठाण्यात मार्च महिन्यातल्या एका रविवारी सकाळी झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

समोर टेबलावर दोन ताटल्या ठेवल्या आहेत. दारातून आत येताना एका आजींनी त्यांतली एक पाहून मला विचारले, "बेदाणे आहेत का हो?" दुसऱ्या ताटलीकडे बोट दाखवून त्यांच्या नातीने विचारले, "आणि ही द्राक्षे?" दोघींचीही फसगत रास्त आहे. दोन्ही ताटल्यांत एकाच झाडाची फुले आहेत : एकीत आज पहाटे वेचलेली, दुसरीत गेल्या वर्षी वाळवलेली. ताजी फुले शहापूरकडच्या एका शेताच्या बांधावरची आहेत आणि आसनगावहून पहिल्या गाड्यांपैकी एका लोकलने डब्यातून आली आहेत. मोह येथून जवळ, येऊरच्या डोंगरातही आहे. पण तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्यामुळे तेथून आपल्यासारख्यांनी पानसुद्धा उचलून आणणे योग्य नाही. तेथे जाऊन पाहावे आणि रिकाम्या हातांनी परत यावे.

मोहाविषयी बोलायचे ठरवले की बहुतेकांच्या चेहऱ्यावर एक मिश्कील हसू येते, कारण शहरात या झाडाची ओळख दारूपुरतीच उरली आहे. दारूचा विषय मी टाळणार नाही; ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात तो टाळताही येत नाही. पण त्याआधी फूल नीट पाहिले पाहिजे, कारण या झाडाबाबत माणसांनी, प्राण्यांनी आणि सरकारांनी जे काही केले ते सारे त्या फुलाच्या एका सवयीमुळे केले आहे. हे फूल तोडावे लागत नाही. ते आपण होऊन, ताजे असतानाच, पहाटे जमिनीवर पडते.

मोह हा चिकूच्या कुळातला. चिकू मध्य अमेरिकेतून आलेला पाहुणा, पण याच कुळातले बकुळ, खिरणी आणि मोह हे घरचे. कुळाची खूण म्हणजे चीक : मोहाचे पान खुडले की देठातून दुधासारखा पांढरा चीक येतो. पाने लांबट, जाडसर आणि फांद्यांच्या टोकांशी झुपक्याने येतात. माघ-फाल्गुनात ती गळतात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना तांबूस लव असलेल्या कळ्यांचे घोस लोंबू लागतात. कळीचे बाहेरचे आवरण चार चामट दलांचे आणि गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचे असते. फुलांचा बहर सरतो तसतशी तांब्याच्या रंगाची नवी पालवी फुटते, आणि त्या दिवसांत लांबून पाहणाऱ्याला झाडच नव्याने मोहरल्यासारखे वाटते, जरी खरा मोहर तोवर लोकांच्या टोपल्यांत गेलेला असतो.

आता फूल. ताटलीतले एक उचलून पाहा. पाकळ्या सुट्या नाहीत. त्या जुळून एक फुगीर, मांसल, मोतिया रंगाची नळी झाली आहे आणि तिच्या तोंडाशी आठ-दहा लहान दाते आहेत. आत वीस-तीस पुंकेसर नळीच्या भिंतीलाच चिकटलेले आहेत. स्त्रीकेसर मात्र तुम्हाला सापडणार नाही, कारण तो झाडावरच राहिला आहे. कळी पुरती उमलायच्या आधीच त्याचा लांब कुक्षीवृंत, म्हणजे स्त्रीकेसराची दांडी, टोकातून सुईसारखा बाहेर येतो आणि परागांची वाट पाहतो. त्या फुलाचे स्वतःचे पराग तयार होतात ते नंतर. पुढे नळी सुटते तेव्हा पुंकेसरांसकट सरकून खाली येते, आणि आवरण, अंडाशय व ती सुई फांदीला तशीच राहते. म्हणून खाली पडलेल्या प्रत्येक फुलाच्या बुडाशी एक गोल भोक असते.

हे भोक मी एवढे का दाखवतो आहे, ते बकुळीचा गजरा केलेल्या बायकांना लगेच कळेल. बकुळीची फुलेही कोणी तोडत नाही, पहाटे झाडाखाली वेचतात, आणि त्यांनाही मध्ये भोक असते, म्हणून सुईवाचून नुसत्या दोऱ्यात ती ओवता येतात. दोघे एका कुळातले. फुले ढाळण्याची रीत दोघांनी एकाच घरातून आणली आहे. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त विवाहाच्या वेळी पार्वतीचे केस दूर्वा गुंफलेल्या, फिकट पिवळ्या मधूकमाळेने बांधल्याचे वर्णन आहे. मोहाची माळ ही कविकल्पना असेल असे मला अनेक वर्षे वाटत होते. एकदा झाडाखाली बसून सहज दोन-चार फुले गवताच्या काडीत ओवली, तेव्हा कळले की कवीने हे फूल हातात घेऊन पाहिले असले पाहिजे.

संस्कृतातला एक ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही येथेच सांगतो, कारण त्यावरून घोटाळे झालेले मी पाहिले आहेत. मोह म्हणजे मधूक, धू दीर्घ. ऱ्हस्व धु असलेला मधुक म्हणजे ज्येष्ठमध. ज्यांना शुद्धलेखन हा निव्वळ शिक्षकांचा छळ वाटतो त्यांनी औषधाचा काढा करताना तरी या दीर्घ ऊकाराची काळजी घ्यावी. शास्त्रीय नावातला 'मधुका' हा शब्द या मधूकावरूनच आला. अठराव्या शतकात या प्रजातीला बोलोन्याच्या फेर्डिनांडो बास्सी या वनस्पतिशास्त्रज्ञावरून 'बासिया' असे नाव दिले होते, पण ते नाव त्याआधीच दुसऱ्या एका प्रजातीला दिले गेल्याचे लक्षात आले. नियमाप्रमाणे ते मागे घ्यावे लागले आणि आपला जुना शब्द लॅटिन पोशाखात परत आला.

झाडाने इतकी साखर खर्चून असले जाड, रसाळ फूल घडवावे आणि लगेच टाकून द्यावे, हा उधळेपणा वाटेल. त्याचे गिऱ्हाईक रात्री येते. फळे खाणारी वटवाघळे अंधारात या घोसांवर येतात, कारण फूल फिकट असते, फांदीच्या टोकाशी मोकळे लोंबते आणि त्याला ओशट-गोड असा उग्र वास असतो. रात्रीच्या पाहुण्यांसाठी फुलणाऱ्या झाडांच्या या नेहमीच्या खुणा आहेत. वटवाघूळ नळीच दातांनी ओढून खाते, तोंडाला पराग माखतात आणि पुढच्या फुलाच्या बाहेर आलेल्या सुईला ते लागतात. बहुतेक झाडे बक्षिसी म्हणून मध देतात. मोह पाकळ्याच खायला घालतो. आंब्याने फळात जे केले ते मोहाने फुलात केले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. उरलेली फुले पहाटेपासून उन्हे चढेपर्यंत टपटप पडत राहतात. त्यांवर चितळ, सांबर, रानकोंबडी आणि जेथे अस्वले आहेत तेथे अस्वले येतात. आणि या सर्वांच्या आधी पोहोचण्याच्या घाईने टोपली घेतलेली बाई येते.

शहापूर-मुरबाडच्या ठाकर, कातकरी वस्त्यांवर किंवा जव्हारकडच्या वारली पाड्यांवर फाल्गुन-चैत्रात पहाटे गेलात, तर घरात म्हातारे आणि कुत्री एवढेच सापडतात. बाकी घर झाडाखाली असते. फुले अंगणात पसरून वाळवतात. चारएक किलो ताज्या फुलांची वाळून किलोभर होतात, रंग मोतियाचा तपकिरी होतो आणि पुंकेसर चोळून काढून टाकतात, कारण ते घशाला खरखरतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. जेथे ऊस नव्हता आणि विकतचा गूळ परवडत नव्हता, तेथे वर्षाची गोडी हीच. फुले भाजून खातात, चिंचोक्यांबरोबर शिजवतात, तिळाबरोबर कुटून लाडू वळतात. पावसाळ्यात कणगीतले भात संपते आणि नवे यायला अवकाश असतो, त्या दोन महिन्यांत मडक्यात राखलेली ही फुले कामी येत. उपाशीपोटी पुष्कळ खाल्ली तर डोके जड होते, हेही जुनी माणसे सांगतात.

फुलांमागून फळे येतात. हिरव्या, अंडाकार फळांना दोडे म्हणतात आणि त्यांच्या गराची भाजी होते. आतल्या बिया म्हणजे मोहट्या. त्यांत चाळीस टक्क्यांच्या आसपास तेल असते. हे तेल थंडीत तुपासारखे थिजते. स्वयंपाकाला, दिव्याला, भेगाळलेल्या टाचांना, साबणाला, सगळ्यालाच ते चालते. कच्च्या तेलाला कडवटपणा असतो म्हणून आधी चांगले कढवून घेतात. तेल काढून उरलेली पेंड मात्र गुरांना सरळ घालता येत नाही, कारण तिच्यात सॅपोनिन असते. पाण्यात घुसळल्यावर रिठ्यासारखा फेस येतो तो त्याचाच, म्हणून पेंडीने डोके धुतात. आणि तीच पेंड ओढ्याच्या साचलेल्या डोहात टाकली की मासे गुंगून वर येतात. मोहाचे लाकूड चिवट आणि भारी असते, पण त्यासाठी झाड तोडायला धजणारा माणूस मला तरी या भागात भेटलेला नाही.

आता दारू. फुलांत साखर आहे आणि हवेत किण्व, म्हणजे साखर आंबवणारे सूक्ष्म जीव, आहेत, तेव्हा भिजत ठेवलेली फुले आंबणारच. आंबवलेल्या मोहाचे औषधी आसव चरकसंहितेतही सांगितले आहे. आदिवासींच्या घरी मडक्यावर मडके ठेवून काढलेली धार लग्नाला, मयताला आणि देवाला लागे. पहिले थेंब जमिनीवर, पूर्वजांना. हे सारे 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने एका फटक्यात गुन्हा ठरवले. घरची भट्टी बंद झाली आणि दारू सरकारी देखरेखीखालच्या कारखान्यांत काढून परवान्याच्या दुकानांतून विकायची, अशी व्यवस्था आली. त्या कारखान्यांचे मोठे ठिकाण होते उरण. आज आपल्याला बंदरामुळे आणि कंटेनर वाहणाऱ्या ट्रकांच्या रांगांमुळे माहीत असलेले उरण तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आणि तेथे बहुतेक पारशी मालकांच्या भट्ट्यांत मोहाची दारू गाळली जाई. गंमत अशी, की त्यासाठी लागणारी फुले पंचमहालातून रेल्वेने मुंबईला आणि तेथून गलबतांनी उरणला येत, आणि शेजारच्याच डोंगरातल्या माणसाला आपल्या दारच्या झाडाखाली वाकायची चोरी होती. 1892 मध्ये तर ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा झाला. सरकारचे म्हणणे, फुले म्हणजे दारूचा कच्चा माल. लोकांचे म्हणणे, फुले म्हणजे अन्न. दोघेही खरे बोलत होते, पण भूक त्यांतल्या एकालाच होती.

दारूने आदिवासींचे नुकसान केले नाही असे मी म्हणणार नाही. मात्र हे नुकसान घरच्या मडक्याने जितके केले त्याहून अधिक दुकानातल्या उधारीने केले, असे माझे मत आहे. सणाला काढायची गोष्ट रोज विकत मिळू लागली, वहीवर नाव चढले आणि वहीतून जमीन गेली. 1922 च्या सुमारास ठाणे जिल्ह्याचा उत्तर भाग आणि दक्षिण गुजरात येथे देवीची चळवळ पसरली आणि अंगात येणाऱ्या देवीच्या तोंडून लोकांनी स्वतःलाच दारू सोडायचा हुकूम दिला, त्यामागे हा राग होता. स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि फुलांवरची बंधने वेगळ्या रूपात चालू राहिली. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या वस्तूंवर, आदिवासींची मालकी मान्य केली. तरीही वाळलेल्या मोहाचे पोते घेऊन एस.टी.त चढणाऱ्याला धाकधूक असेच. महाराष्ट्र शासनाने ही फुले गोळा करण्यावरचे आणि वाहून नेण्यावरचे निर्बंध सैल केले ते 2021 मध्ये. म्हणजे या झाडाखालून फूल उचलायला शंभराहून अधिक वर्षे कोणाची ना कोणाची परवानगी लागत होती.

झाडापुढे आज खरी अडचण वेगळी आहे. फुले नीट दिसावीत म्हणून वेचणारे झाडाखालचा पाचोळा आधी जाळतात. त्या आगीत रोपेही जळतात, आणि कधी आग पसरून रानात शिरते. जी बी पडते ती तेलासाठी उचलली जाते. त्यामुळे म्हातारे मोह पुष्कळ दिसतात आणि त्यांच्या पायाशी बाळमोह दिसत नाही. काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून फुले झेलण्याचे प्रयोग झाले आहेत. जाळी स्वस्त पडली तर आग आपोआप थांबेल, कारण पाचोळा जाळणे हा कोणाचा हट्ट नाही, ती सोय आहे.

लावणीविषयी विचारणा नेहमी होते, म्हणून माझी फजिती सांगतो. एका वर्षी मी शंभरेक उत्तम बिया आणल्या, धुऊन कोरड्या केल्या, कपाटात कागदी पुड्यांत जपून ठेवल्या आणि पुढच्या फेब्रुवारीत सवडीने पिशव्यांत लावल्या. एकही उगवली नाही. मोहाचे बी धान्यासारखे झोपून राहत नाही. तेलकट असल्यामुळे काही आठवड्यांतच मरते. फळ पिकते ते पावसाच्या तोंडावर, तेव्हा गर काढला की त्याच आठवड्यात बी मातीत गेले पाहिजे. पुढच्या वर्षी जूनअखेर लावल्या, बऱ्याच उगवल्या. मूळ सरळ खाली धावते, म्हणून पिशवी उंच हवी आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत रोप कायमच्या जागी गेले पाहिजे. सोसायटीच्या वाहनतळाजवळ मात्र लावू नका. फुले यायला दहाएक वर्षे लागतील, पण ती येतील त्या दिवशी गाड्यांच्या टपांवर चिकट सडा पडेल आणि वार्षिक सभेत झाडाचा निकाल लागेल. घोडबंदर रस्त्यापलीकडे किंवा खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी कोणाचे मोकळे कुंपण असेल, तर ती जागा त्याला मानवेल.

आता या दोन्ही ताटल्या मागच्या रांगेपर्यंत फिरवतो. वाळलेले फूल चघळायला हरकत नाही, त्यातले केसर काढलेले आहेत. ताजे खायचे असेल तर आधी नळी उघडून केसर काढून टाका. आणि टाकण्यापूर्वी बुडाच्या भोकातून पलीकडचा उजेड दिसतो का, तेवढे पाहा.