पुठ्ठ्यातली भोकं आणि संगणक

मंडळी, नमस्कार.

बेळगावच्या वडगावात संध्याकाळी कुठल्याही बोळात शिरा, यंत्रमागाची खडखड ऐकू येते. त्या मागाशेजारी बसून अभ्यास करणारी मुलं आमच्याकडे संगणक शिकायला येतात, समाजमंदिराच्या माडीवर.

आधी एक फसलेली गोष्ट सांगते. मी शिकवत होते त्या शाळेला देणगीत संगणक मिळाले. नारळ फुटला, फोटो निघाले आणि खोलीला कुलूप लागलं. का, तर मुलं बिघडवतील. दोन वर्षांनी दार उघडलं तेव्हा कीबोर्डवर पालीची अंडी होती. त्याचं मला अजून वाईट वाटतं. अहो, बिघडवल्याशिवाय कोण शिकलंय?

म्हणून माडीवर आम्ही कशालाच कुलूप लावत नाही. एक जुना टीव्ही आहे, त्याला रास्पबेरी पाय जोडलाय. शाळकरी पोरांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणूनच केंब्रिजच्या लोकांनी 2012 साली हा तळहाताएवढा संगणक बाजारात आणला. स्क्रू काढून आत काय आहे ते पोरं बघतात.

एकदा आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "टीचर, ह्याला नुसतं शून्य आणि एक कळतं, तर हा चित्र कसं काढतो?" मी फळ्यावर बरंच काही लिहिलं. तिला पटलं नाही, आणि खरं तर मलाही ते पटवून देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आजोबांना घेऊन आली. त्यांच्या काखेत जकार्डच्या, म्हणजे कापडात नक्षी विणणाऱ्या मागाच्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ होती. आजोबांनी एक पुठ्ठा दिव्यासमोर धरला. "हे बघ बाळ. भोक असलं की सुई आत जाते, दोरा वर उचलतो. भोक नसलं की दोरा खाली. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची, आडव्या दोऱ्याची, एक ओळ." भोक म्हणजे एक, कोरी जागा म्हणजे शून्य. पोरांनी लगेच चौकटीच्या वहीत काठावरची कोयरी काढली, घराघरात शून्य-एक भरले, आणि तासाभरात ती कोयरी टीव्हीवर उमटली. आजोबा पडद्याजवळ जाऊन दोरे मोजावेत तसे ठिपके मोजत होते.

फ्रान्समधल्या जकार नावाच्या माणसानं 1804 च्या सुमारास हा जकार्ड माग बनवला. पुढे इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी हेच पुठ्ठे घ्यायचं ठरवलं, आणि 1890 च्या अमेरिकेच्या जनगणनेत भोकांच्या कार्डांवरूनच माणसं मोजली. म्हणजे संगणकाचा एक पूर्वज आपल्या पडवीत खडखडत होता, आणि आपण पोरांना सांगत होतो की तुमच्या घरात विज्ञान नाही!

भाषेचंही बोलायला हवं. घरी मराठी, बँकेत कन्नड, पडद्यावर इंग्रजी. यात पोर गप्प होतं. आम्ही समजावतो मराठीत आणि भिंतीवर तिन्ही शब्द लिहितो: संगणक, गणकयंत्र, कॉम्प्युटर. शेजारची कन्नड मुलंही येतात, तीच आमचे उच्चार सुधारतात. खानापूरच्या जंगलातल्या गावांत नेटवर्क नसतं. तिथे अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' नावाचे, पडद्यावर करायचे विज्ञानाचे प्रयोग मराठीत आधीच उतरवून नेता येतात, पुढे इंटरनेट लागत नाही.

आणि केंद्र गल्लीतच हवं. आईनं दारातून हाक मारली की ऐकू येईल इतकं जवळ असलं, तरच मुली साडेसातपर्यंत बसतात.

तुमच्यापैकी बरेचजण उद्यमबागेतल्या कारखान्यांत सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या हुकमानं धातू कापणाऱ्या यंत्रावर, काम करता. आम्हाला तुमचे पैसे नकोत, शनिवारची संध्याकाळ हवी. येताना यंत्रावर खराब झालेला एखादा जॉब, म्हणजे बनवताना बिघडलेला भाग, घेऊन या. तो का खराब झाला, ते पोरांना विचारायचंय.