रिपोर्टमधला तो ठळक आकडा

नमस्कार मंडळी. हल्ली रक्ताचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो, डॉक्टरनी बघायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी बघितलेला असतो, आणि त्यात एखादा आकडा ठळक छापलेला दिसला की झालं, रात्रभर कुणाला झोप नाही. म्हणून आज त्या ठळक आकड्याबद्दलच बोलू.

शेजारी जी रेंज छापलेली असते ती बऱ्याचशा टेस्टमध्ये अशी ठरते, की धडधाकट माणसांचं रक्त तपासायचं आणि त्यातल्या मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ते नॉर्मल धरायचे. म्हणजे उरलेली पाच टक्के माणसं पण निरोगीच की! एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट केल्या तर ठणठणीत माणसाचाही एखादा तरी आकडा बाहेर जायची शक्यता जवळपास ६४ टक्के निघते, आणि पॅकेजात तर याहून कितीतरी जास्त टेस्ट असतात. शुगरचं मात्र तसं नाही बरं का, तिथली हद्द धोका कुठून वाढतो त्यावरून ठरलीय, त्यामुळं उपाशीपोटी १०० ते १२५ आली तर 'जराशीच जास्त आहे' म्हणून सोडून द्यायचं नाही.

दुसरं, आपला उन्हाळा. उपाशीपोटी म्हणजे पाणीसुद्धा नाही असा लोकांचा समज, मग मे महिन्यात रात्रभर घाम गेलेला, सकाळी घोटभर पाणी नाही, आणि तसंच लॅबच्या बाकावर तासभर बसायचं. रक्त घट्ट होतं, युरिया, हिमोग्लोबिन थोडं वर दिसतं. साधं पाणी प्या हो, चालतं. पोटॅशियम तर सॅम्पल नीट हाताळलं नाही, नळीतल्या पेशी फुटल्या, तरी वाढलेलं येतं, शरीरात काहीच नसताना. आदल्या दिवशी जिममध्ये दणकून व्यायाम केला असेल तर लिव्हरच्या टेस्टमधलं एसजीओटी पण वर जातं.

आता एक रिपोर्ट नीट बघू. समजा सोलापूरच्या पूर्व भागात बिड्या वळणारी एक मावशी आहे, हिमोग्लोबिन ११.४. बाईमाणसाला १२ पाहिजे, म्हणजे थोडंच कमी, म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चालू, आकडा काही हलत नाही, घरचे म्हणतात तू गोळ्या नीट घेत नाहीस. पण खालच्या ओळी वाचा ना! एमसीव्ही ६८, म्हणजे लाल पेशी आकारानं लहान, आणि त्यांची संख्या ५.६, म्हणजे भरपूर. लोह कमी असलं की सहसा पेशींची संख्या पण घटते. ६८ ला ५.६ नी भागा, १२ च्या आसपास येतं, आणि १३ च्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या दोषाच्या सौम्य प्रकाराची, शंका घ्यायची. हा काही पक्का पुरावा नाही, त्यासाठी फेरीटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, आणि एचबीए२, म्हणजे हिमोग्लोबिनचाच एक प्रकार, बघावं लागतं, पण शंका तरी यायला पाहिजे. मायनर असेल तर मावशीला स्वतःला फारसा त्रास नाही. प्रश्न तिच्या लेकीचा आहे, कारण नवरा-बायको दोघंही मायनर निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर, म्हणजे त्याचाच गंभीर प्रकार, व्हायची शक्यता २५ टक्के, आणि त्या लेकराला आयुष्यभर रक्त चढवत राहावं लागतं. लग्नाआधी एक टेस्ट, एवढंच करायचं असतं. मला तर वाटतं पत्रिकेआधी हा कागद बघावा.

आता थायरॉइडची टेस्ट. त्यातलं टीएसएच जरासं वाढलंय, पाच-सहा आहे, टी४ हे थायरॉइडचं हार्मोन नॉर्मल आहे, तर लगेच जन्माची गोळी नको, दोन-तीन महिन्यांनी परत करा, बऱ्याचदा आपोआप खाली येतं. गरोदर बाईचं मात्र वेगळं, तिनं थांबायचं नाही. आणि केसांसाठी बायोटिन हे व्हिटॅमिन घेत असाल तर लॅबवाल्याला आधी सांगा, थायरॉइडचे आकडे त्यानं चुकतात.

जुने रिपोर्ट रद्दीत घालू नका. किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन १.२ रेंजमध्येच दिसतं, पण त्याच माणसाचं दोन वर्षांपूर्वी ०.८ असेल तर मला ते बघायचंय, आणि तिथं ठळक काहीच छापलेलं नसतं. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ, ज्यांनी फाइल आणल्यात त्यांनी पुढं या.